रुग्णाच्या शब्दांत

मानसोपचाराच्या विभागात मी एकोणतीस वर्षं शिकवलं. माझ्या हाताखालून गेलेले बहुतेक रेसिडेंट आज आपापल्या गावी चांगली प्रॅक्टिस करतात. काही सरकारी नोकरीत आहेत, दोघं-तिघं परदेशात गेले. त्यांना डॉक्टर करणं हे माझं काम होतं आणि ते मी बऱ्यापैकी केलं. पण मला मनातून हवं होतं ते वेगळंच. त्यांच्यातले चार-दोन तरी संशोधक व्हावेत, आपल्या भागातल्या आजारी माणसांचं पुढे काय होतं हे त्यांनी शोधून काढावं, असं मला फार वाटायचं. तसं झालं नाही. म्हणजे एक जण झाला. त्याच्याबद्दल आणि त्याच्यानंतर आलेल्या एका मुलीबद्दल मला सांगायचं आहे. आजवर हे कुणाला पूर्ण सांगितलेलं नाही, बायकोलासुद्धा अर्धंच माहीत आहे.

मी मूळचा वसमतचा. वडील प्राथमिक शाळेत मास्तर होते. आमच्या वस्तीत नोकरी मिळालेली जी पहिली दोन-तीन माणसं, त्यांतले एक. घरात कुणाच्या तोंडून 'काहून' किंवा 'येऊन राहिलो' निघालं की ते आम्हाला तेच वाक्य पुस्तकात असतं तसं पुन्हा म्हणायला लावत. "बोलण्यावरून कुणी तुम्हाला ओळखू नये," असं म्हणत. त्यांना काय काय सोसावं लागलं होतं ते आम्हाला पुढे कळलं. त्यामुळे मी शुद्ध बोलायला शिकलो, डॉक्टर झालो आणि शेजारच्या जिल्ह्यातल्या वैद्यकीय महाविद्यालयात मानसोपचाराचा अध्यापक म्हणून लागलो.

ओपीडीत आमच्या भागातली माणसं फार येत. कुणाला कानात आवाज ऐकू येत, कुणी महिनोन्‌महिने अंघोळ केलेली नसे, कुणाला नातेवाइकांनी दोरीनं बांधून आणलेलं असे. पहिल्यांदा येत, औषध घेऊन जात, एखादं दुसऱ्यांदा येई. मग यायचं बंद. त्यांचे केसपेपर कपाटात तसेच पडून राहत. एकदा मी आमच्या विभागप्रमुखांना विचारलं, "या लोकांचं पुढे काय होत असेल हो, सर?" ते म्हणाले, "बरे झाले असतील, नाहीतर आले असते." हे उत्तर मला कित्येक दिवस छळत राहिलं, कारण कुणालाच काही माहीत नव्हतं आणि माहीत नसल्याचं वाईटही वाटत नव्हतं.

उपचार गावातच द्यावेत म्हणून मी अर्ज करत राहिलो, नव्वदनंतरची पहिली चार-पाच वर्षं त्यातच गेली. शेवटी आमच्याच वसमत तालुक्यातल्या हट्टा गावच्या आरोग्य केंद्रात एक खोली मिळाली. दर गुरुवारी मी एसटीनं तिथं जायचो. विभागप्रमुखांनी परवानगी देताना सांगितलं होतं, "करा हौस. पण विभागाकडे काही मागू नका." एवढं मात्र त्यांनी केलं, की दुसऱ्या वर्षाचा एक रेसिडेंट सहा महिने या कामाला जोडून दिला.

काम साधं होतं. हट्टा आणि आसपासच्या गावांत घरोघर जायचं, गंभीर मानसिक आजाराची माणसं शोधायची, त्यांचा फॉर्म भरायचा. ज्यांना गोळ्या रोज घेणं जमत नाही त्यांना आरोग्य केंद्रातली सिस्टर महिन्याला एक इंजेक्शन देई. इंजेक्शनला कुणी आलं नाही तर रेसिडेंटनं त्याच्या घरी जायचं. वर्षानंतर पुन्हा सगळ्यांच्या घरी जाऊन तोच फॉर्म भरायचा. उपचार गावात मिळाले तर माणसं ते टिकवतात का, एवढंच मला जाणून घ्यायचं होतं.

फॉर्म मी स्वतः तयार केला होता. त्यात शेवटचा रकाना होता 'रुग्णाच्या शब्दांत'. त्याच्यावर माझा फार जीव. रेसिडेंटला मी सांगायचो, प्रश्न विचारला की गप्प बसायचं. समोरचा थांबला तरी आपण लगेच बोलायचं नाही. तो जे म्हणाला तेच लिहायचं, आपल्याला त्यातून जे समजलं ते लिहायचं नाही. घराला कुलूप असेल तर 'कुलूप होतं' असं लिहायचं. काही कळलं नसेल तर रकाना रिकामा सोडायचा.

पहिला रेसिडेंट मोठ्या शहरातून आलेला होता. वडील कोर्टात कारकून. देखणं अक्षर, तल्लख डोकं, वाचन तर माझ्यापेक्षा जास्त. विभागात नवीन लेख वाचायची बैठक व्हायची तेव्हा सगळ्यात चांगले प्रश्न त्याचे असत. मला तो मनापासून आवडायचा. पहिला महिनाभर मी त्याला घरोघर घेऊन हिंडलो. उन्हातान्हात कधी कुरकुरला नाही. मग तो एकटा जायला लागला. शनिवारी माझ्या टेबलावर फॉर्मचा गठ्ठा यायचा. मी एकेक फॉर्म वाचायचो, खाली सही करायचो. सहा महिने संपल्यावरही त्यानं काम सोडलं नाही. वर्षानंतरची दुसरी फेरीसुद्धा मीच करतो म्हणाला. मला भरून आलं होतं.

निष्कर्ष उत्तम आले. बहुतेकांनी इंजेक्शन चालू ठेवलं होतं, बरेच जण कामाला लागले होते. आम्ही दोघांनी मिळून पेपर लिहिला आणि तो एका नावाजलेल्या नियतकालिकात छापून आला. पहिलं नाव माझं, दुसरं त्याचं. विभागप्रमुखांनी सगळ्यांना चहा आणि समोसे दिले. त्या पेपरच्या जोरावर त्याची एका मोठ्या संस्थेत संशोधनासाठी निवड झाली. शिफारसपत्र मीच लिहिलं. 'हा जन्मजात संशोधक आहे,' असं त्यात एक वाक्य होतं. मी ते अगदी खरं समजून लिहिलं होतं.

त्यानंतरच्या दोन-तीन रेसिडेंटना हट्ट्याची नेमणूक म्हणजे शिक्षा वाटायची. एकानं तापाचं सर्टिफिकेट आणलं. एक गुरुवारी माझ्याबरोबर यायचा, पण आरोग्य केंद्राच्या व्हरांड्यात परीक्षेचं पुस्तक वाचत बसायचा. मी फारसं बोलायचो नाही. मधल्या काळात आमचा तालुका परभणी जिल्ह्यातून निघून नव्या हिंगोली जिल्ह्यात गेला. सगळ्या परवानग्या नव्या कचेऱ्यांतून पुन्हा काढाव्या लागल्या. प्रत्येक अर्जाला मी त्या पेपरची प्रत जोडायचो. साहेब लोक छापील नाव बघायचे आणि सही करायचे.

मग ती आली. सेनगाव तालुक्यातल्या पुसेगावची, शेतकऱ्याची मुलगी, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलेली. ओपीडीत ती घरच्यासारखं बोलायची. "काय व्हून राहिलं, मावशी? कवापासून?" असं तिनं विचारलं की बरोबरचे रेसिडेंट एकमेकांकडे बघून हसायचे. ती लक्ष द्यायची नाही. एकदा मीच तिला म्हणालो होतो, की परीक्षेत जरा जपून बोल. ती म्हणाली, "परीक्षेत बोलीन ना, सर. पेशंट कुठं परीक्षा घेऊन राहिलेत?"

हट्ट्यात तिनं भरलेला पहिला फॉर्म मला अजून आठवतो. एक म्हातारी तिच्याशी तासभर बोलत बसली होती. शेवटचा रकाना पुरला नव्हता म्हणून मजकूर मागच्या बाजूला गेला होता. 'छातीत कोनी तरी जातं फिरवून राहिलं. दळण काही पडंना, नुसती घरघर.' मी ते दोनदा वाचलं. लहानपणी असलं बोलणं मी आमच्या ओट्यावर ऐकलेलं होतं. मला वाटलं, मिळाली. जिची इतकी वर्षं वाट बघितली ती हीच.

तिला थीसिससाठी मी विषय दिला: पहिल्या पेपरातल्या त्याच माणसांचं पाच वर्षांनी काय झालं. जुने गठ्ठे कपाटातून काढून तिच्या हवाली केले. तिचा आनंद बघून मलाही बरं वाटलं.

आठवड्याभरानं ती माझ्या खोलीत आली. हातात पाच-सहा फॉर्म होते.

"सर, एक विचारू? हे दुसऱ्या फेरीचे फॉर्म कोणी भरले?"

मी सांगितलं.

"हा शेवटचा रकाना बघा. 'मला निराश वाटत असे.' 'आता माझे मन प्रसन्न असते.' 'मी नियमितपणे औषध घेतो.' सगळे असंच बोलतेत. हट्ट्यात असं कोण बोलतं, सर?"

मी फॉर्म हातात घेतले. अक्षर देखणं होतं. प्रत्येकाच्या खाली माझी सही होती. मी म्हणालो, "त्यानं शुद्ध करून लिहिलं असेल. तो बाहेरचा, त्याला बोली जमत नव्हती."

"पहिल्या फेरीचे फॉर्म तसे न्हाईत," ती म्हणाली. "त्यात 'डोस्कं' हाय, 'न्हाई' हाय. तुमी बरोबर होते तोवर."

मी म्हणालो, "चल, एखाद्या घरी जाऊन बघू." मला खात्री होती असं नाही. पण ती चुकली असेल अशी आशा होती.

पुढच्या गुरुवारी आम्ही दोघं गेलो. यादीतलं पहिलं घर एका विधवा बाईचं होतं. तिचा मुलगा शिलाईकाम करायचा. आजारी पडल्यावर त्याची मशीन बंद झाली, कोपऱ्यात तोंड खुपसून बसून राहायचा, कुणीतरी आपल्यावर पाळत ठेवून आहे म्हणायचा. पहिल्या फेरीत मी स्वतः त्याच्याशी बोललो होतो. हळदीचा हंगाम होता. बाई कामावरून नुकती परत आली होती, हात कोपरापर्यंत पिवळे. तिनं मला ओळखलं.

"या, डाक्टर सायेब. लई दिसांनी?"

मी विचारलं, "मुलगा कुठं आहे, मावशी?"

ती आमच्याकडे बघतच राहिली. मग म्हणाली, "त्यो गेला की निघून. चार साल झाले."

हळूहळू तिनं सगळं सांगितलं. सिस्टरनं दोन इंजेक्शनं दिली होती. तिसऱ्या वेळी तो जाईना. हिनं सिस्टरला जाऊन सांगितलं. सिस्टर म्हणाली, डाक्टर घरी येतेत अशा पेशंटच्या, तुमी वाट बघा.

"म्या वाट बघितली," बाई म्हणाली. "ते तरुण डाक्टर तुमच्यासंगं एकबार आले व्हते, तेवढंच. परत कोनी आलं न्हाई. मग एक दिस सकाळी उठून बघते तर पोरगं न्हाई. नांदेडला पाहिलं, पूर्ण्याच्या टेसनावर पाहिलं. भावानं परळीपत्तर जाऊन पाहिलं."

तिचं लक्ष माझ्याबरोबरच्या मुलीच्या हातातल्या कागदांकडे गेलं.

"ह्ये त्याचे कागद हायत का, माय? काय लिवलंय?"

मुलीनं माझ्याकडे बघितलं. मी तिला थांबवू शकलो असतो. 'काही नाही, जुने कागद आहेत' एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. मला ते सुचलं नाही, किंवा मुलीसमोर म्हणायची लाज वाटली. तिनं वाचलं. आधी पहिला कागद वाचला, मग वर्षानंतरचा. 'इंजेक्शन नियमित. झोप चांगली. शिलाईचे काम पुन्हा सुरू केले आहे. रुग्णाच्या शब्दांत: आता मला बरे वाटते. मी आईला मदत करतो.'

बाईनं तो कागद हातात घेतला. तिला वाचता येत नव्हतं. पिवळा अंगठा कागदावर उमटला.

"ह्ये कवा लिवलं?"

मुलीनं महिना आणि साल सांगितलं.

"म्हंजी त्यो गेल्यावर." तिनं बोटांवर मोजलं. "गेल्यावर सा म्हयन्यानं." मग तिचा चेहरा एकदम बदलला. ती उठून माझ्या समोर आली. "म्हंजी तुमच्या डाक्टरला भेटला व्हता त्यो! कुटं भेटला? कुटं शिवून राहिला? मला काहून न्हाई सांगितलं, सायेब?"

असं काही होईल हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. ती तो फॉर्म मुलाची खबर समजली होती. मी तिला समजावायला लागलो, की तसं नाही, लिहिण्यात चूक झाली आहे. चूक कशी झाली, हे तिला कळेना. "आईला मदत करतो म्हनला ना त्यो? त्याच्या तोंडचं हाय ना ह्ये?" शेवटी मुलीनंच तिचे दोन्ही हात धरले आणि सांगितलं, "मावशी, त्या डाक्टरनं खोटं लिवलं. त्यो कोनाला भेटला न्हाई."

बाई खाली बसली. मुलगा गेल्याचं आम्हाला सांगताना ती रडली नव्हती, आता रडली. आम्ही निघालो तेव्हा तिनं मुलीला एवढंच विचारलं, "मग लिवलं काहून?"

आरोग्य केंद्रात परत येऊन आम्ही इंजेक्शनचं जुनं रजिस्टर काढलं. सिस्टर बदलून गेली होती, पण रजिस्टर कपाटात व्यवस्थित होतं. बहुतेक नावांपुढे दोन किंवा तीन तारखा होत्या, पुढे कोरं. फॉर्मवर मात्र यांतल्या बहुतेकांचं इंजेक्शन नियमित. हे तपासायला अर्धा तास लागला. ज्या खोलीत मी इतके गुरुवार बसलो त्या खोलीला लागूनच ते कपाट होतं.

पुढचे दोन महिने ती यादीतल्या प्रत्येक घरी गेली. काही माणसं खरोखर बरी होती. बरीच तशीच आजारी होती. एक बाई तर तिच्या नावाचा दुसरा फॉर्म भरला त्याच्या आधीच वारली होती. मुलीनं सगळं एका वहीत लिहिलं, कुणाबद्दलही वाईट शब्द न वापरता.

मी पहिल्या रेसिडेंटला फोन केला. तोवर तो मोठ्या संस्थेत स्थिरावला होता, त्याचं नाव व्हायला लागलं होतं. सुरुवातीला त्यानं मी कसा आहे ते विचारलं. मी त्या शिंप्याचं सांगितलं. तो म्हणाला, "सर, पहिली फेरी खरी आहे. नंतर परीक्षा जवळ आली, पावसानं रस्ते बंद होते, आणि तुम्ही दर शनिवारी वाट बघायचात. मला तुमचा विरस करायचा नव्हता."

"माझा विरस?"

"सर, तुम्ही सगळे फॉर्म वाचायचात. या भागातले आहात तुम्ही. तुम्हाला कधीच शंका आली नाही?" त्याच्या आवाजात उर्मटपणा नव्हता. तो खरंच विचारत होता. "मला वाटायचं, तुम्हाला कळलं असेल."

मी फोन ठेवला. 'माझे मन प्रसन्न असते' असं हट्ट्यातलं कुणी बोलत नाही हे मला कळायला हवं होतं. ती वाक्यं वडिलांनी मला घटवून घेतली होती तशीच होती, म्हणून मला खटकली नसतील. किंवा निष्कर्ष हवे तसे येत होते म्हणून खटकली नसतील. दुसरंच जास्त खरं असावं.

विभागप्रमुखांना सांगितलं. त्यांनी दार लावून घेतलं. "हे बाहेर काढून कुणाला काय मिळणार? तुमची खोली बंद होईल. महाविद्यालयाच्या मान्यतेची तपासणी तोंडावर आहे, विभागाच्या जागा जातील. मुलीला म्हणावं, तुझ्यापुरता थीसिस कर आणि मोकळी हो." मी म्हणालो, त्या बाईचा मुलगा बेपत्ता आहे. ते म्हणाले, "पेपर मागे घेतल्यानं तो परत येणार आहे का?"

त्या वेळी मला हा युक्तिवाद पटला. पटवून घेतला म्हणा.

मुलीनं थीसिसचा मसुदा आणला तेव्हा त्यात एक पान होतं. आधीच्या अभ्यासातली दुसऱ्या फेरीची माहिती विश्वासार्ह नाही, असं तिनं कारणांसहित लिहिलं होतं. माझं नाव नव्हतं, त्याचंही नव्हतं. मी ते पान तिच्यासमोर वाचलं आणि पेनानं वरून खालपर्यंत रेघ मारली.

"हे आपण नंतर स्वतंत्रपणे बघू," मी म्हणालो.

"नंतर म्हणजे कधी, सर?"

"तुझी परीक्षा होऊ दे."

तिनं मसुदा गोळा केला. "बरं," म्हणाली आणि गेली.

थीसिस तिनं स्वतः भेटलेल्या माणसांपुरता लिहिला. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी स्तुती केली, अशी मुलं संशोधनात यायला हवीत असं मला म्हणाले. ती पास झाली. हट्ट्याच्या केंद्रावर संशोधन अधिकाऱ्याची एक जागा मी खटपट करून मंजूर करून आणली होती, तिच्यासाठीच. पत्र तिच्या हातात दिलं. तिनं वाचून घडी करून परत दिलं. "मला न्हाई जमायचं, सर," एवढंच म्हणाली.

त्या शिंप्यासाठी मात्र तिनं जाण्याआधी पुष्कळ पत्रं लिहिली. मनोरुग्णालयांना, निराधारांच्या आश्रमांना, पोलिसांना. वय, उंची, उजव्या तर्जनीला सुईची जुनी खूण. मी सह्या केल्या. चार-पाच ठिकाणांहून उत्तरं आली, असा कुणी इथं नाही. बाकीच्यांनी उत्तर दिलं नाही.

जी खोली वाचवण्यासाठी मी गप्प बसलो ती दोनच वर्षांत गेली. नवीन वैद्यकीय अधिकाऱ्यांना जागा कमी पडत होती. माझ्या खोलीत मच्छरदाण्या आणि फवारणीच्या पावडरीची पोती ठेवली गेली. विभागप्रमुख निवृत्त झाले. रेसिडेंटची ग्रामीण नेमणूक नव्या वेळापत्रकात बसेना म्हणून रद्द झाली. त्याविरुद्ध कुणी बोललं नाही, मीही नाही.

पेपर छापून आठ-नऊ वर्षं झाल्यावर मी त्या नियतकालिकाला एक पत्र पाठवलं. सगळं लिहिलं, स्वतःचा निष्काळजीपणाही लिहिला. तीन महिन्यांनी उत्तर आलं, की संपादक मंडळ बदललं आहे आणि अशा बाबतीत दोन्ही लेखकांची लेखी संमती लागते. मी त्याला पत्र पाठवलं. उत्तर आलं नाही. पुन्हा पाठवलं नाही.

त्याच सुमारास तो आमच्या महाविद्यालयात व्याख्यानाला आला. आता तो मोठा माणूस होता. सभागृहात त्यानं सगळ्यांसमोर माझ्या पायांना हात लावला. "सरांनी मला गावात हिंडायला शिकवलं," म्हणाला. टाळ्या झाल्या. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. आम्ही एकमेकांच्या डोळ्यांत बघितलं नाही. व्याख्यान चांगलं होतं, हट्ट्यानंतरचं त्याचं बरंचसं काम खरंही असेल. मला ते कळायला मार्ग नाही.

मुलीला मी शेवटचं भेटलो ते निवृत्तीच्या आदल्या वर्षी. ती एका तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात होती. तिच्या दारासमोरची रांग पायऱ्यांपर्यंत आलेली. शिपायानं मला आत नेलं. तिनं उठून खुर्ची दिली, चहा मागवला आणि पेशंट बघणं चालूच ठेवलं. समोर सरकारी रजिस्टर होतं: नंबर, नाव, गाव, गोळ्या. माणसामागे दोन-तीन मिनिटं जात होती. बोलायची पद्धत तीच, पण आता ती उत्तरासाठी थांबत नव्हती.

मधे पाच मिनिटं मिळाली तेव्हा मी म्हणालो, "माझ्याकडे आता वेळ आहे. आपण तो अभ्यास पुन्हा करू, पहिल्यापासून. खरा. सगळं तुझ्या नावावर."

तिनं चष्मा काढून टेबलावर ठेवला. "सर, ते काम मला लई आवडायचं. घरी जायचं, बसायचं, ऐकायचं. तसं मला परत कशात वाटलं न्हाई."

"म्हणूनच म्हणतोय."

"तुमी ते पान खोडलं ना, त्या दिवशी मला राग आला असता तर बरं झालं असतं. मी भांडले असते. पण मला राग आला न्हाई. मला वाटलं, असंच असत असंल. सगळीकडं. मग त्या दिवसापासनं कोणताही पेपर वाचायला घेतला की माझं मन लागंना. वाटायचं, हे खरं कोणी भेटून लिहिलंय का?" ती थोडं हसली. "तसं वाटणाऱ्या माणसानं संशोधन कसं करायचं, सर?"

मी म्हणालो, तसं वाटणाऱ्यानंच करायला पाहिजे. तिनं मान हलवली, पण ऐकून सोडून दिल्यासारखी. शिपायानं पुढचा पेशंट आत सोडला होता.

निघताना मी शिंप्याच्या आईचं विचारलं. ती म्हणाली, पहिली दोन-तीन वर्षं दर महिन्याला एसटीनं दवाखान्यात यायची, पत्राचं उत्तर आलं का विचारायला. मग यायची बंद झाली. "का?" मी विचारलं. "माहीत न्हाई," ती म्हणाली. "जायचं म्हणते, जाणं होत न्हाई." मीही म्हणालो, की मी जाऊन येईन. वसमतला भावाकडे मी दर दिवाळीला जातो. तिथून हट्टा जवळ आहे. मी गेलेलो नाही.

वर्षातून एकदा महाविद्यालय मला अजून बोलावतं. नव्या रेसिडेंटना संशोधनाच्या पद्धतीवर दोन तास. मी फळ्यावर नमुना कसा निवडायचा, प्रश्नावली कशी करायची ते लिहितो. मुलं हुशार असतात, वह्यांत उतरवून घेतात. तास संपल्यावर दोघं-तिघं मागे थांबतात आणि विचारतात, सर, ओपीडीत बसूनच पूर्ण होईल असा एखादा विषय सांगा ना, वेळ फार कमी असतो. मी त्यांच्याकडे बघतो. चांगली मुलं असतात, दमलेली असतात. मग मी त्यांना एकेक विषय सांगतो. ते थँक्यू म्हणतात आणि वॉर्डकडे पळतात.